ओलं दिसलं म्हणून

रंगाच्या कारखान्यातल्या केमिस्टबाई फोन संपवून प्रयोगशाळेत परतल्या, तर त्यांचा नवरा टेबलापाशी हेअर ड्रायर घेऊन उभा! त्याचं सलून होतं. मेव्हणीकडे जेवायला जायचं म्हणून तो दुकानातून तडक बायकोला न्यायला आला होता.

"हे काय चाललंय?"

"तुझी पावडर ओलीगच्च होती. म्हटलं वाळवून द्यावी, म्हणजे लवकर निघू. बघ, कशी मोकळी झालीय!"

बशीत रंग बनवायला लागणारा डायझोनियम क्षार होता. थंड आणि ओला असेपर्यंत गरीब गाय. पण पुरता सुकला की स्फोट व्हायला जरासा धक्काही पुरतो.

"बंद कर ते. बशीला हात लावू नकोस. हळूच मागे ये."

"रागावलीस?"

"फुटेल रे!"

"बशी?"

"आपण!"

दोघं चवड्यांवर बाहेर आले. दार लावताना बाईंनी श्वास रोखला होता. मग शेजारच्या खोल्या रिकाम्या झाल्या. लेखापालांना नेमकी शिंक येत होती. त्यांचं नाक दोघांनी धरलं आणि तिसऱ्याने त्यांना अंगणात ओढलं.

"मीच आत जातो," नवरा म्हणाला. "घोळ मी घातलाय."

"गप उभा राहा." बाईंनी त्याचा हात घट्ट धरला. "तुझ्या नाकासमोर होती ती बशी. काही झालं असतं म्हणजे?"

प्रयोगशाळाप्रमुख सर जाड काचेची ढाल घेऊन आत गेले. ढालीआडून त्यांनी लांब नळीने बशीत थेंबथेंब गार पाणी सोडलं. सगळं चिंब झाल्यावर त्यातला एक थेंब दुसऱ्या द्रावणात टाकून पाहिला. क्षार जिवंत असता तर भडक नारिंगी रंग आला असता. बराच वेळ गेला, पण काहीच झालं नाही. सर बाहेर आले ते कपाळाला आठ्या घालूनच.

"बाई, बर्फ कमी पडला होता का?"

"थोडा... हो."

"थोडा? अहो, मिश्रण तापून क्षार गाळण्याआधीच मेलाय! हा नुसता तपकिरी गाळ आहे. भिंतीला फेकून मारला तरी फुटायचा नाही. इतक्या वर्षांच्या अनुभवानंतर ही चूक?"

एरवी एवढ्या बोलण्यावर बाई आठवडाभर झुरल्या असत्या. आज त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि चेहऱ्यावर हसू.

"थँक्यू, सर!"

"कशाबद्दल? प्रयोग साफ फसलाय तुमचा."

"त्याबद्दलच," बाई म्हणाल्या. नवऱ्याचा हात त्यांनी अजून सोडला नव्हता.