भैरवीचे तुलनात्मक मूल्यमापन

विजयकुमार काळमेघ वारल्यावर त्यांच्या पत्नी कमलिनीबाईंना सेक्टर दहामधले पोलाद कारखान्याचे क्वार्टर सोडावे लागले. बोरसीला निखिलच्या, म्हणजे मुलाच्या, फ्लॅटमध्ये त्यांच्यासाठी जागा होती. विजयकुमारांच्या गाण्यांसाठी नव्हती. तेव्हा सगळ्या तबकड्या, कॅसेटी, सीड्या आणि त्या वाजवायची यंत्रे बाईंनी सेक्टरातल्या मराठी मित्रमंडळाला देऊन टाकली. अट एकच घातली: रविवारी संध्याकाळी मी येईन, तुम्ही काहीतरी लावा, मी ऐकून परत जाईन.

मंडळाने ही अट टाळ्यांच्या गजरात मान्य केली. ती पाळावी लागेल, अशी त्या वेळी कोणालाच शंका नव्हती.

पहिल्या रविवारी कमलिनीबाईंनी एक भैरवी सांगितली. विजयकुमारांची ती फार लाडकी. घरात नवे यंत्र आले की ते आधी तीच विकत आणत. त्यामुळे ती तबकडीवर होती, कॅसेटवर होती आणि सीडीवरही होती. इथेच घोटाळा झाला.

"कशावर लावू?" मंडळाचे अध्यक्ष नरहरी सोनटक्के यांनी विचारले.

"लावा कशावरही."

नरहरी दुखावले. ते कारखान्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाले होते आणि 'कशावरही' असे लिहिलेल्या कागदावर त्यांनी आयुष्यात सही केली नव्हती. "वहिनी, असं कसं? तबकडीच्या आवाजात एक ऊब असते."

"ऊब पायजे तं कोक ओव्हनवर चला ना साहेब," सचिव शालिकराम नाकाडे म्हणाले. त्यांनी सारी नोकरी कोक ओव्हनच्या, म्हणजे कोळशाच्या भट्ट्यांच्या, धगीत काढली होती. "गाणं म्हंजे कॅसेट. अटकली तं पेन्सिल घालून फिरवता येते. तुमची तबकडी फिरवून दाखवा बरं पेन्सिलनं!"

"काका, आप दोनों रहने दो," खजिनदार सुजय मोहरील मध्ये पडला. हथखोजला त्याचा नटबोल्टचा कारखाना होता आणि मंडळात पन्नाशीच्या आतला तो एकटाच असल्यामुळे विज्ञान त्याच्याकडे होते. "सीडीत खरखर झीरो असते. झीरो! एकदम प्युअर."

वाद रंगला. शेवटी सर्वानुमते ध्वनिमाध्यम तुलनात्मक मूल्यमापन समिती नेमण्यात आली. समितीत हेच तिघे होते. भैरवी लावायची राहून गेली, कारण तोवर कमलिनीबाईंची परतीची वेळ झाली होती.

पुढच्या रविवारी त्या आल्या तर कपाटाला कुलूप आणि कुलपावर लाखेचे सील.

"हे कावून बंद करून ठेवलं भाऊजी?"

"पुराव्याची झीज होते ना, वहिनी," नरहरींनी समजावले. "वाजवलं की तबकडी घासते, कॅसेटची फीत ताणते. मूल्यमापन होईपर्यंत श्रवण स्थगित केलं आहे."

"पण मले फक्त ऐकायचं आहे हो. तिचा अंतरा आठवून नाही राहिला. यांच्यासोबत रोज म्हणायची मी, आता सुरू केलं की दुसऱ्या ओळीवर सगळं पुसल्यासारखं होते."

"ऐकता यावं म्हणूनच तर हे चाललंय. म्हणूनच सध्या ऐकणं बंद आहे."

"मले तं तिन्हीत गाणारी बाई एकच वाटते," कमलिनीबाई म्हणाल्या.

सर्वसामान्य श्रोत्याचे मत समितीच्या कार्यकक्षेत येत नाही, हे त्यांना सौम्य शब्दांत सांगण्यात आले. चहाही देण्यात आला.

त्या तरीही येत राहिल्या. कपाटासमोरच्या खुर्चीवर बसत, चहा घेत, अंतऱ्याची पहिली ओळ ओठांतल्या ओठांत म्हणत आणि तिथेच थांबत. मंडळाच्या वार्षिक अहवालात याची नोंद 'संगीतविषयक उपक्रमास महिलांचा नियमित प्रतिसाद' अशी झाली.

समितीचे काम मात्र काटेकोर होते. परीक्षकांचे कान तरी निर्दोष हवेत, असा मुद्दा सुजयने काढला आणि तिघेही कानाच्या डॉक्टरकडे गेले. निष्कर्ष असा निघाला की नरहरींना उंच स्वर ऐकू येत नाहीत, शालिकरामांना खालचे येत नाहीत आणि सुजयचा डावा कान कारखान्यातल्या प्रेस मशीनने कधीच नेला आहे. समितीने या अहवालाचा गांभीर्याने विचार केला आणि तुलना ऐकून न करता पाहून करावी, असे ठरवले. सुजयने आवाज मोजणारे ॲप मोबाइलवर घेतले. चाचणी म्हणून ते नुसत्या सभागृहात लावून पाहिले, तर छताचा पंखा भरघोस गुणांनी पहिला आला.

"पंखा उमेदवार नाही," नरहरींनी निर्णय दिला. पंखा बंद करण्यात आला. एप्रिल संपत आला होता आणि सभागृहावर पत्रे होते.

तुलनेचा जाहीर सोहळा महाराष्ट्र दिनी ठरला. तत्पूर्वी आपापल्या माध्यमाची निगा राखण्याची मुभा सदस्यांना देण्यात आली. नरहरींनी तबकडीला ओल लागू नये म्हणून ती दुपारभर गच्चीवर ठेवली. शालिकरामांनी कॅसेट भल्यामोठ्या स्पीकरच्या लोहचुंबकावर ठेवली; लोखंडाच्या गावात चुंबकाचा धाक कोण बाळगतो! आणि सुजयने सीडीवरचा ओरखडा घालवायला इंटरनेटवर वाचून टूथपेस्ट लावली, पण चकचकीत बाजूऐवजी छापील बाजूला, आणि मग घासणीने घासली.

सोहळ्याला सभागृह भरले. पाहुणे आले, शाली आल्या, 'संगीत आणि आपण' या विषयावर तीन भाषणे झाली. कमलिनीबाई पहिल्या रांगेत, नवी साडी नेसून, हात मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. इतक्या महिन्यांनी ती भैरवी ऐकू येणार होती, तीही तीन वेळा.

तबकडी लावली. उन्हाने तिची परात झाली होती. गाणारी बाई पाळण्यात बसल्यासारखी वर जाऊन खाली येऊ लागली आणि दुसऱ्या फेरीत सुई उडून नरहरींच्या शालीत अडकली.

"ऊब जास्त झाली साहेब," शालिकराम म्हणाले आणि त्यांनी कॅसेट लावली. कॅसेटमधून दूरवर भात शिजत असल्यासारखा आवाज आला. बराच वेळ तोच आला. सीडी यंत्रात गेली, गुरगुरली आणि बाहेर आली.

"खरखर झीरो आहे बघा," शालिकरामांनी मान्य केले.

"मोबाइलवर लगा दो ना यार," मागून कोणी तरी सुचवले. लावली. आधी गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात लागली, मग कर्जाची, मग गोल गोल फिरणारे चक्र. पाहुण्यांनी घड्याळ पाहिले.

कमलिनीबाई उठल्या.

"मीच म्हणू का?"

कोणी हो म्हणायच्या आत त्यांनी षड्ज लावला. आवाज थरथरला, मग स्थिरावला. पंखा बंद होता, त्यामुळे शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. अंतरा आला. पहिली ओळ झाली आणि दुसरीवर नेहमीप्रमाणे सगळे पुसले गेले. बाई थांबल्या नाहीत. शब्दांच्या जागी त्यांनी नुसता 'आ'कार धरला, डोळे मिटले आणि त्या 'आ'कारातूनच अंतरा पार केला. गालांवरून पाणी ओघळत होते. समोर तमाम सभागृहाने मोबाइल उंच धरले होते.

समितीचा अंतिम अहवाल यथावकाश आला. तिन्ही माध्यमे तूर्त अनिर्णित ठरली. 'मानवी कंठ' या चौथ्या माध्यमाचीही स्वतंत्र परिच्छेदात दखल होती: साठवणूक अशक्य, सुटे भाग मिळत नाहीत, वयोमानानुसार दर्जात घट संभवते, सबब शिफारस नाही.

व्हिडिओ मात्र त्याच संध्याकाळी मंडळाच्या ग्रुपवर पडला. लांबलचक होता. तो पडला न पडला तोच जोडलेल्या हातांची रांग लागली. 'अप्रतिम!' 'अंगावर काटा!' नरहरींनी लिहिले, 'वहिनी, किती स्पष्ट शब्दोच्चार! विशेषतः अंतऱ्यात.' शालिकरामांनी त्याखाली लिहिले, 'एक एक शब्द काळजात घुसला.'

बोरसीला कमलिनीबाईंनी जेवताना विचारले, "निखिल, ऐकलंस का रे?"

"हो ना आई. मस्त है एकदम. मैंने सबको फॉरवर्ड भी कर दिया."

"अंतरा कसा वाटला?"

"अंतरा तो बेस्ट था. क्या लिखा है!"

बाईंनी पोळीचा तुकडा मोडला.

निखिलने सगळ्यांना पाठवला म्हणजे तो आपल्यापर्यंतही आला असणार. आपणही हात जोडले असतील. आपण रसिक माणसे. शंका असेल तर आता मोबाइल उघडून पाहा. व्हिडिओवर डाउनलोडचा बाण अजून तसाच असेल.