पाव मिळण्याबाबतचा अर्ज

भूक पोटात लागते, असा एक समज सर्वत्र रूढ आहे. सदर समज निराधार आहे. दाखल्यांच्या खिडकीमागे छत्तीस वर्षं काढल्यावर मी अधिकारवाणीने सांगतो, की भूक लागते ती रांग पाहून.

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भावोजी, पाव भाजतात. पहाटे उठून, हाताने मळून, लाकडाच्या भट्टीत. पाव फार चांगला होतो. (धंद्यात हा अडथळाच.) गिऱ्हाईक पहिला घास घेईपर्यंत ते त्याच्या तोंडाकडे बघत उभे राहणार आणि विचारणार, "कसा लागला?" माणसाला दुसरं व्यसन नाही. पण दिवसाला गिऱ्हाइकं अकरा, त्यांतली दोन पत्ता विचारायला आलेली. दुकानाला कुलूप लागायची वेळ आली तेव्हा ताई मला म्हणाली, "निवृत्त होऊन नुसता लोळतोयस ना? मग गल्ल्यावर तरी बस!"

बसलो. पहिल्याच दिवशी एका मुलीने पाव मागितला आणि माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "अर्ज आणलाय का?"

ती खो खो हसली. मी हसलो नाही. कामाच्या वेळेत मी हसत नाही. तिने फोन काढून माझाच व्हिडिओ घेतला आणि खाली लिहिलं, 'इथे पाव सहजासहजी मिळत नाही.' दुसऱ्या दिवशी दारात चाळीस माणसं, सगळ्यांना अर्ज हवा.

मग म्हटलं, करायचंच तर रीतसर करू. अर्ज दोन प्रतींत, फीसह. पाव खाण्याचं कारण, पन्नास शब्दांत. यापूर्वी पाव खाल्ला असल्यास तपशील. दोन प्रतिष्ठित व्यक्तींच्या सह्या (नातेवाईक चालणार नाहीत). एक ते दोन खिडकी बंद, आणि दोनला उघडेलच असं नाही. लोक खूश! 'नामंजूर'चा शिक्का बसला की अर्ज छातीशी धरून फोटो काढायचे. मंजुरी मिळालेले बिचारे तोंड पाडून जायचे.

आठव्या आठवड्याची नोंद अशी: रांगेत उभे ३१४, फोटो काढणारे ३१४, पाव मिळालेले १२, पाव खाल्लेले शून्य. (एकजण चावा घेणार होता, मित्रांनी वेळीच आवरलं.)

अर्जाच्या फीवर दुकान तरलं. ताईने माझ्या खिडकीला नवे पडदे लावले. भावोजी मात्र सुकत चालले. एक दिवस ते स्वतःच बाहेर जाऊन विचारू लागले, "कुणी खाल्ला का हो? कसा लागला?" कुणीतरी खेकसलं, "ओ काका, मध्ये घुसू नका, रांगेत या!" स्वभावाने गरीब माणूस. दोन तास उभे राहून माझ्या खिडकीपाशी आले.

"काय हवंय?" मी विचारलं.

"कुणीतरी खाताना बघायचंय रे," ते म्हणाले.

मला फार वाईट वाटलं. पण त्यांच्याकडे दुसरी प्रत नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून भावोजींनी मागच्या गल्लीत टेबल मांडलं. गरम पाव, बिनअर्जाचा, फुकट. आजतागायत एकही उचलला गेलेला नाही.

परवा तुम्हीही त्या गल्लीतून गेलात. (मला चेहरे लक्षात राहतात.) वास आला तसे थबकलात. भावोजींनी दोन्ही हातांनी पाव पुढे केला. तुम्ही पावाकडे पाहिलंत, त्यांच्याकडे पाहिलंत, मग टेबलाच्या आजूबाजूला पाहिलंत. तिथे कुणीच नव्हतं. तेव्हा तुम्ही विचारलंत, "इथली ती प्रसिद्ध रांग कुठाय हो?"

त्यांनी बोट दाखवलं.

तुमचा अर्ज आता माझ्यासमोर आहे. कारणाच्या रकान्यात तुम्ही लिहिलंय, 'चांगलंचुंगलं खाण्याची मनापासून आवड.'

नामंजूर. फोटोत मात्र छान दिसताय.