संगणकातला दलाल

आमच्या भूमिकाचं लग्न झालं २००७ सालच्या वैशाखात. म्हणजे त्या वर्षीची दिवाळी ही जावयाची पहिली दिवाळी, आणि पहिल्या दिवाळसणाला जावयाच्या बोटात अंगठी गेली नाही तर सासऱ्याचं नाव धसईपासून कल्याणपर्यंत निघतं. भातावर तुडतुडा पडून हातात पैसा नव्हता. तरी मी निर्धास्त होतो. कारण सौदा करण्यात मला मागे टाकील असा माणूस आमच्या पंचक्रोशीत नाही. हे मी सांगत नाही, म्हसाच्या जत्रेत मी विकलेले बैल सांगतील!

विकण्यासारखी एक वस्तू घरात होती. पोवळ्या बैलाची पितळी घुंगुरमाळ. पोवळ्या जाऊन दोन वर्षं झाली होती, नांगरट भाड्याच्या ट्रॅक्टरवर गेली होती आणि माळ गोठ्यातल्या खुंटीवर काळी पडत लटकली होती. पोवळ्याला सकुबाईने, म्हणजे माझ्या बायकोने, वासरू असल्यापासून वाढवलेलं. म्हणून मी रीतसर तिला विचारलं.

ती म्हणाली, "तुमची वस्तू. इका."

लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती, तरी मी त्याला होकार समजलो.

माझा पुतण्या आदेश याचं मुरबाडला एस. टी. स्टँडजवळ संगणकाचं दुकान आहे. त्याने सांगितलं की हल्ली इंटरनेटवर लिलाव चालतो, आणि शहरातले लोक असल्या माळा दिवाणखान्यात टांगायला घेतात. मी म्हटलं, बैल नसताना? तो म्हणाला, बैल नसतो म्हणूनच टांगतात. मी घरी येऊन चिंच लावून माळ अशी घासली की नवरीच्या नथीसारखी चमकायला लागली. आदेशने ती पाहून कपाळाला हात लावला. शहरातल्यांना जुनी, काळी लागते म्हणे. मग तेल आणि राख लावून ती परत म्हातारी केली आणि तिचा फोटो काढला. आयुष्यात पहिल्यांदाच मी माल खराब करून बाजारात मांडला.

पण खरा प्रश्न पुढेच होता. माल पाठवायचा मी, घेणारा कुठला कोण, आणि पैसे कुणाच्या हातात?

आदेशने मला समजावलं. घेणारा आणि विकणारा यांच्यामध्ये एक पैसे सांभाळणारी कंपनी असते. घेणारा पैसे तिच्याकडे ठेवतो. माल पोचला, पसंत पडला, की तो संगणकावर 'मिळालं' असं बटण दाबतो. मग कंपनी पैसे विकणाऱ्याच्या खात्यात टाकते.

"म्हणजे दलाल," मी म्हणालो.

"तसंच काय ते, काका."

"त्याचं गाव कुठलं?"

"त्याला गाव नसतं."

"सोयरीक तरी असंल कुठं."

"काका, ती कंपनी हाय. कंपनीला सोयरीक नसते."

हे ऐकून मी उठलोच होतो. ज्याला गाव नाही आणि सोयरीक नाही त्याच्या हाती पैसे द्यायचे? पण दारापर्यंत गेलो आणि मला नथू दलाल आठवला.

म्हसाच्या जत्रेत माझ्या जवानीत नथू दलालाचा शब्द चालायचा. भाव ठरायचा उपरण्याखाली, बोटं दाबून. पैसे मात्र नथूच्या कमरेच्या पिशवीत. घेणारा बैल घरी न्यायचा, नांगराला जुंपून बघायचा, वैरण खातो का बघायचा, आणि मग येऊन सांगायचा, "बैल पावला." तेव्हा कुठे नथू पिशवीची गाठ सोडायचा. नथूला वगळून जो चिंचेच्या झाडामागे बोलावून म्हणायचा की दलाल कशाला, आपण दोघंच उरकू, तो चोर! अशा माणसाच्या हातात आमच्याकडे जुन्या दाव्याचा तुकडा द्यायचे. बैल बांधायची दोरी. अर्थ असा, की बैल तुझ्या नशिबी नाही, हे दावं तेवढं घे. मोठा अपमान. आणि तो माणूस चोर नसून सज्जन निघालाच, तर दावं देणाऱ्याने त्या दाव्याला बैलही बांधून द्यायचा अशी रीत. पण तसं घडलेलं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

मी परत येऊन खुर्चीत बसलो. "हा तर नथूच की रे," मी आदेशला म्हणालो. "बिनपिशवीचा. लाव लिलाव."

लिलाव लागला आणि मला झोप येईना. उपरणं नाही, बोटं नाहीत, भाव उघड्यावर! पुण्याचा एक जण चढवत होता आणि त्याच्यावर दुसरा कुणी चढवत होता. नावं खोटी असतात म्हणे. या दुसऱ्याचं नाव होतं जंगलकिंग. पुणेकर एक पायरी चढला की जंगलकिंग दोन. मी रोज धसईहून मुरबाडला एस. टी. ने जाऊन हे कुस्तीसारखं बघत होतो. शेवटी पुणेकर चीत झाला. भाव असा आला की अंगठी तर होणारच, वर भूमिकाला साडीही!

त्याच दिवशी जंगलकिंगचा निरोप आला. आदेशने वाचून दाखवला. "दलाल कंपनी कशाला मध्ये? तिचा खर्च वाचेल. मी धसईला माणूस पाठवून रोख देतो आणि माळ नेतो."

चिंचेमागे बोलावतोय! आणि लिलावात आम्ही नुसतं ठाणे जिल्हा लिहिलं होतं. या चोराने माझं गाव कुठून काढलं?

"लिही," मी आदेशला म्हणालो.

आदेश म्हणाला, "काका, साधं नाय म्हणून लिहू."

"साधं नाय. मी सांगतो तसं. लिही, दलालाला टाळून सौदा करणारा माणूस सख्ख्या बापालाही बाजारात उभा करील. तुझं लगीन झालं असंल तर तुझा सासरा आंधळा असला पाहिजे, त्याबिगर अशा माणसाला पोरगी कोन देईल?"

आदेशने लिहिलं. मी उतारवयात साक्षरतेच्या वर्गात अक्षरं शिकलो, त्यामुळे पडद्यावर एकेक शब्द बोट ठेवून तपासला. 'आंधळा'वरचा अनुस्वार राहिला होता, तोही घालायला लावला.

दुसऱ्या दिवशी जंगलकिंगने मुकाट्याने पैसे दलाल कंपनीकडे भरले. काय माझा विजय! धसईच्या बाजारात मी ही गोष्ट भाजीवाल्यांपासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांना ऐकवली. संगणकातला चोर मी संगणकातच पकडला होता. पार्सलवर घालायचा पत्ता ठाण्याच्या एका कचेरीचा आणि नाव कुणा परक्याचं आलं. माळ खोक्यात भरली, आणि रीत ती रीत, म्हणून पोवळ्याच्या जुन्या दाव्याचा हातभर तुकडाही वर ठेवला. शेण वाळलेलं होतं, तसंच राहू दिलं.

सकुबाई दारात उभी राहून बघत होती. आत जाऊन तिने फोन केला, एवढं मला आठवतं.

मग सुरू झालं वाट बघणं. पार्सल पोचल्याची पावती आली. पैसे येईनात. आदेश म्हणाला, घेणाऱ्याने बटण दाबलेलं नाही. मी म्हटलं, दाबील. वसुबारस गेली. अंगठी सोनाराकडेच. बाजारात लोक विचारू लागले, "काय नवसूभाऊ, तुमचा दलाल कोन्च्या गावाला पळाला?" मी म्हणायचो, त्याला गावच नाही, पळेल कुठे? आणि घरी येऊन मी मनातल्या मनात नथूची माफी मागून त्या कंपनीला शिव्या घातल्या. उद्या जावई येणार आणि मी त्याच्या हातावर काय ठेवणार, नुसता नारळ?

पाडव्याला दुपारी कल्याणहून जीप आली. जावई दिपेश, भूमिका, आणि सोबत व्याही कमळाकरराव आणि विहीणबाई वत्सलाबाई. बिनबोलावता व्याही येतात तेव्हा काहीतरी बिनसलेलं असतं. गावात पाडव्याची बैलं सजली होती, त्यांना पेंढ्याच्या आगीवरून उडवायची तयारी चालली होती, जिकडेतिकडे घुंगरं वाजत होती. आमचं अंगण तेवढं मुकं.

वत्सलाबाई ओटीवर बसल्या आणि त्यांनी पिशवीतून एक खोकं काढलं. ते खोकं मी ओळखलं. मीच सुतळीने बांधलं होतं.

त्या म्हणाल्या, "दिपेशने हे कचेरीतून आनलं. मला वाटलं, मित्रांनी फराळ दिला. शेजारच्या चार बाया बसल्या होत्या, मी त्यांच्यासमोर उघडलं." आणि त्यांनी दाव्याचा तुकडा दोन बोटांत धरून माझ्यासमोर ठेवला. "व्याही, हा चिवडा कुठला म्हनायचा?"

मी दिपेशकडे पाहिलं. दिपेशने जमिनीकडे पाहिलं.

"जंगलकिंग," मी कसंबसं म्हणालो.

"मीच, मामा," दिपेश म्हणाला. "खातं मित्राचं. भूमिका म्हनली, आयेची माळ बाहेर जाता कामा नये. तुम्हाला कळू द्यायचं नव्हतं. म्हनून रोख देतो म्हनलं."

भूमिका म्हणाली, "बाबा, तुम्ही माळ घासायला काढली त्याच दिवशी आये फोनवर रडली. मी तिला रडताना कधी ऐकलं नव्हतं."

मी सकुबाईकडे पाहिलं. ती चहा गाळत होती. तिची नजर गाळणीवर कमी आणि माझ्यावर जास्त होती.

वत्सलाबाईंचं अजून संपलं नव्हतं. त्यांनी छापून आणलेला कागद काढला आणि तो निरोप सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. सख्ख्या बापाला बाजारात उभा करण्याची गोष्ट आली तेव्हा कमळाकररावांनी मिशीवरून हात फिरवला. मग त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "आता एवढंच सांगा, तो आंधळा सासरा कोन?"

धरणी दुभंगत नाही हे मला त्या दिवशी पक्कं कळलं. मी पायाकडे बघत हळूच हात वर केला.

आधी भूमिका हसली. मग दिपेश. मग कमळाकरराव असे हसले की ओटीवरची कोंबडी पळाली. ते भिवंडीकडच्या शेतकरी घरातले, बैलबाजार बघितलेले. हसणं आवरून ते म्हणाले, "व्याही, दाव्याची रीत आमच्याकडेही हाय. मानूस सज्जन निघाला तर?"

"तर दाव्याला बैल," मी म्हणालो.

"मग आम्हाला अंगठी नको. बैल द्या."

"कल्याणला तिसऱ्या माळ्यावर?" वत्सलाबाई म्हणाल्या.

"बैल जावयाचा. गोठा सासऱ्याचा," कमळाकरराव म्हणाले, आणि माळ उचलून त्यांनी सकुबाईच्या हातात दिली. तिने ती पदराने पुसली. मी लावलेली राख निघून गेली.

आता अडचण अशी, की बैलाचे पैसे दलाल कंपनीकडे आणि ते सुटायला बटण दाबायला हवं. दिपेश म्हणाला, आत्ता मुरबाडला जाऊन दाबतो. तेव्हा सकुबाई पहिल्यांदा बोलली.

"जावईबापू, बटन मी दाबीन. आधी गोऱ्हा गोठ्यात, मग बटन."

पार्सल बांधताना तिने केलेला फोन 'पोचलं तरी बटण दाबू नका' हेच सांगायला होता, हे मला तेव्हा कळलं. आणि मी बिचाऱ्या कंपनीला शिव्या घालत होतो!

मी तिला म्हणालो, "अगो, पैसे सुटल्याशिवाय गोऱ्हा कोन देईल? आन लेकीच्या घरचे पैसे मी घरात कसे ठेवू?"

"ठेवू नका. गोऱ्ह्याला घाला."

वरच्या वाडीतल्या वाळूकडे एक तांबूस गोऱ्हा होता. भाऊबीज उरकून मी त्याच्याकडे गेलो आणि सगळी हकिकत सांगितली. पैसे आहेत, पण ते संगणकातल्या दलालाकडे आहेत, तू गोऱ्हा आधी दे. वाळूने तंबाखू मळली, थुंकला, आणि म्हणाला, "तुजा सौदा मला म्हाईत हाय, नवसू. मध्ये कोन?"

मी म्हणालो, "सकुबाई."

"मग ने की रे. इतका वेळ काय सांगत बसला?"

गोऱ्हा गोठ्यात आला. सकुबाईने त्याला वैरण घातली, तो खातो का बघितलं, पाठीवरून हात फिरवला, अगदी नथूच्या गिऱ्हाइकासारखा. मग आम्ही दोघं मुरबाडला गेलो. दिपेशने फोनवरून आदेशला खातं उघडायची खूण सांगितली. सकुबाईने बोट पदराला पुसलं आणि बटण दाबलं. पैसे पुढच्या दोन दिवसांत आले, फक्त कंपनीची दलाली कापून. वाळूचे चुकते केले.

तर सांगायचं काय, की इंटरनेटवर सौदा करायला घाबरू नका. मध्ये चांगला दलाल घ्या, त्याला टाळून जो बोलावील त्याच्याकडे जाऊ नका, आणि माल हाती आल्याशिवाय बटण दाबू नका. मी स्वतः हे सगळं पाळलं. फक्त आपण चोर समजून ज्याला शिव्या देतोय तो जावई नाही ना, एवढी खात्री आधी करून घ्यावी.

गोऱ्ह्याचं नाव आम्ही जंगलकिंगच ठेवलं. पुढच्या पाडव्याला तो पोवळ्याची माळ घालून आगीवरून असा उडाला की धसईच्या बाजारात माझी मान परत ताठ झाली. नंतर मी पुष्कळ सौदे केले, संगणकावर आणि संगणकाबाहेर, आणि सगळ्यांत मध्ये सकुबाई होती. सकुबाई २०१५ सालच्या पौषात गेली, म्हसाची जत्रा भरली होती त्या आठवड्यात.