बिनकडीचा रंगनाथ

रंगनाथच्या खिशात रुमाल नसतो, स्क्रू-ड्रायव्हर असतो. दाराला कडी दिसली की तो ती उतरवतो.

भिंगारला मनोरुग्णालयातून बाहेर पडलेली काही मंडळी मसाल्याचा कारखाना चालवतात आणि त्याच्याच मागच्या खोल्यांत राहतात. नफा त्यांचा, निर्णयही त्यांचेच. मी निवृत्त शिक्षक. पाकिटांची वजने तपासायला जातो.

रंगनाथ शनिशिंगणापूरचा. "गुरुजी, आमच्या गावात घराला दारच न्हाई. मंग चोर फोडनार काय?" या तर्कावर त्याने कारखान्यातली प्रत्येक कडी काढली, शौचालयाचीही. तेव्हापासून पाहुण्याला बादलीबरोबर, दाराला टेकवण्यासाठी, एक वीट दिली जाते. मला दिलेली वीट मी नाकारली. माझे घर जवळ आहे.

रुग्णालयात त्याच्या खोलीची कडी बाहेरून होती, हे कळल्यावर मी हसणे थांबवले.

मग सुनंदा आली. रात्रभर ती टक्क जागी राही आणि दिवसा मिरच्या निवडताना कोसळे. भावाने बजावले होते, येथे जमले नाही तर पुन्हा रुग्णालय. तिने सर्वांच्या बैठकीत आपल्या खोलीला कडी मागितली.

"कडी म्हंजी कोंडनं!" रंगनाथ उसळला. "हितं कुनाला कोंडायचं न्हाई."

"दादा, तुमास्नी बाहेरून कोंडलं. माज्या खोलीत कुनीबी घुसायचं, न इचारता. दवाखान्यात तुमी एकलेच हुता व्हय?"

रंगनाथ उठून गेला. रुसला, असे सर्वांना वाटले.

तो परतला तेव्हा त्याच्या तळहातावर कडी होती. त्याने ती तिच्या दाराला आतून बसवली. "लावून बघा."

तिने लावली. बंद दारासमोर उभ्या रंगनाथला दरदरून घाम फुटला.

"सुनंदाबाई, जरा बोलत ऱ्हावा."

"काय बोलू?"

"काईबी."

ती माहेरच्या शेळ्यांची नावे सांगू लागली. कोणती मारकी, कोणती लाडाची, तेही. आवाज हळूहळू जड झाला आणि थांबला. रंगनाथने दाराला कान लावला.

"झोपली," तो पुटपुटला. "गुरुजी, आज गिरनी लावायची न्हाई."

शिर्डीच्या हॉटेलांचा माल संध्याकाळी जायचा होता. मी रस्त्यावर गेलो आणि टेम्पोवाल्याला उद्या यायला सांगितले.