फिटर बसलेलाच बरा

मामांच्या लाँड्रीत त्या सकाळी तीन मशीनं एकदम बंद पडली आणि फिटर होता एक. पहिल्या मशीनचा पट्टा तुटला होता, दुसऱ्याचं दार उघडेना आणि तिसरं नुसतंच गुरगुरत होतं. उस्ताद, म्हणजे तो एकुलता एक फिटर, पहिल्याच्या पोटात डोकं घालून बसले होते. बाकीच्या दोन मशीनांपुढे हॉस्पिटलच्या चादरींचे ढीग चढत चालले होते आणि मालक, म्हणजे मामा, त्या ढिगांमधून वाट काढत ओरडत होते.

"उस्ताद, देवानं दोन हात दिलेत ना? एक इकडे चालवा!"

हॉस्पिटलनं आदल्याच आठवड्यात बजावलं होतं, पुन्हा उशीर झाला तर चादरी दुसरीकडे जातील. मामांना झोप नव्हती. म्हणून मग त्यांच्या सख्ख्या भाच्यानं धीर केला. भाच्यानं संख्याशास्त्राची पदवी घेतली होती, इतरत्र कुठे डाळ शिजली नाही म्हणून तो मामांकडे येऊन 'नियोजन' बघत होता. कामगार त्याला भाचेसाहेब म्हणत, पण कामाचं असं त्याला कुणी काही विचारत नसे.

"मामा, रांगांचं एक शास्त्र असतं," तो म्हणाला.

"रांगेत उभं राहायला शास्त्र कशाला? पाय लागतात."

"तसं नाही. बिघाड काही वेळ ठरवून येत नाहीत. कधी दिवसभर एक नाही, कधी एका तासात तीन. फिटर सतत कामात अडकलेला असेल, तर नवं बंद पडलेलं मशीन रांगेत उभं राहतं. रांग नको असेल तर फिटर काही वेळ मोकळा हवा. आपल्याला अजून एक फिटर घ्यायला हवा."

"आणि काही बिघडलं नाही तर दोघं काय करणार?"

"बसणार."

'बसणार' हा शब्द मामांच्या कानाला सोसवला नाही. रिकामा माणूस दिसला की त्यांच्या पोटात दुखायचं. भाच्यानं मग आगीच्या बंबाचं उदाहरण दिलं. बंबवाले रोज बसून असतात, म्हणून त्यांना कुणी झाडांना पाणी घालायला पाठवतं का?

"का नाही पाठवत?" मामा म्हणाले. "पाणी तर भरलेलंच असतं."

पण तेवढ्यात तिसऱ्या मशीननं गुरगुरणंही थांबवलं आणि मामांनी हात टेकले. दुसरा फिटर आला. अबोल माणूस होता, पण हाताला गुण होता.

शास्त्र खरं ठरलं. मशीन बंद पडलं की कुणी ना कुणी मोकळा असायचाच. चादरींचे ढीग नाहीसे झाले, हॉस्पिटलची गाडी वेळेवर भरून जाऊ लागली. भाच्याची छाती जरा पुढे आली. कधी नव्हे तो उस्तादांनी त्याला आपणहून चहा पाजला.

पण मामांच्या केबिनला समोर मोठी काच होती, आणि त्या काचेतून पहिल्यांदा काय दिसायचं, तर बाकावर बसलेले दोन फिटर.

"दोघंही बसलेत," मामा म्हणाले.

"मामा, ते बसलेत म्हणजे मशीनं चालू आहेत."

"मग एकालाच बसव ना! दुसऱ्याला काढून टाक. बसायला दोन माणसं कशाला लागतात?"

भाच्यानं या वेळी फळ्यावर रांगेची आकृती काढली. मामांनी ती शांतपणे पाहिली आणि म्हणाले, "सोमवारपर्यंत बघतो. सोमवारीही बसलेला दिसला, तर नवा घरी."

नव्या फिटरच्या घरी आजारी सासू आणि शिकणाऱ्या दोन मुली होत्या. भाच्याला ते ठाऊक होतं. तो सरळ बाकापाशी गेला आणि म्हणाला, "उद्यापासून बसायचं नाही."

"मग काय करायचं?" उस्तादांनी विचारलं.

"चालायचं. हातात पाना घ्यायचा, कपाळाला आठ्या घालायच्या आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं. मग परत यायचं."

दोघं चालू लागले. उस्तादांना ते इतकं जमलं की मध्येच थांबून एखाद्या चालू मशीनला कान लावायचे आणि मान हलवून पुढे जायचे. चार दिवसांतच कुरकुर सुरू झाली. "भाचेसाहेब, पूर्वी काम होतं तेव्हा निदान बसून करायला मिळायचं. आता काम नाही तर पायांचे तुकडे पडले."

सोमवारी मामांनी भाच्याला केबिनमध्ये बोलावलं. त्यांचा चेहरा गंभीर होता.

"मी चुकलो," ते म्हणाले. "बिचारे दिवसभर नुसते धावतायत. एवढे बिघाड होतात हे मला माहीतच नव्हतं. दोघं पुरत नाहीत. तिसरा घे."

खरं सांगावं तर नव्याची नोकरी जाते, न सांगावं तर तिसरा येतो. भाच्यानं मान डोलावली आणि तिसरा आला.

तिसरे फिटर एका कापडगिरणीतून निवृत्त झालेले काका होते. घरी बसवेना म्हणून पुन्हा कामाला लागले होते. उस्तादांनी त्यांना चालण्याचं तंत्र समजावून सांगितलं, तर काका भडकले. "उगीच चालायचं? मी काय घाण्याला जुंपलेला बैल आहे? मशीन आहे, हातात पाना आहे, उघडून बघतो की!"

आणि ते उघडून बघू लागले. चांगलं चाललेलं मशीन थांबवायचं, सगळं खोलून जमिनीवर मांडायचं, पुसायचं, पुन्हा जोडायचं. जोडून झालं की काहीतरी उरायचंच. "हे कंपनीनं उगाच जास्तीचं दिलेलं असतं," असं म्हणून काका ते खिशात टाकायचे. दुसऱ्या दिवशी ते मशीन बंद पडायचं. मग उस्ताद आणि नवा तिकडे धावायचे आणि काका तोवर पुढचं मशीन उघडायला मोकळे. ढीग परतले. केबिनमध्ये मामा मात्र समाधानानं काचेतून बघत होते. तिघंही घामाघूम!

शेवटी एका दुपारी हॉस्पिटलची गाडी दारात येऊन उभी राहिली आणि द्यायला कोरड्या चादरी नव्हत्या. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. भाचा घामेजून केबिनमध्ये शिरला आणि एका दमात सगळं बोलून मोकळा झाला. बसणं, चालणं, काकांचा खिसा, सगळं.

"म्हणजे ते दोघं खरोखरच रिकामे होते?" मामांनी विचारलं.

"हो. आणि लाँड्री तेव्हाच सगळ्यात चांगली चालली होती. मला काढा मामा, पण नव्याला काढू नका."

मामांनी काचेतून बाहेर पाहिलं. मग हळूच म्हणाले, "दार लाव."

भाच्यानं दार लावलं.

"त्या दोघांकडे मी का बघत बसायचो, ठाऊक आहे? सगळं सुरळीत झाल्यापासून मला कुणी हाकच मारली नाही. ओरडायलासुद्धा काही उरलं नव्हतं. या सगळ्या लाँड्रीत सगळ्यात रिकामा मीच होतो. मामीला सांगू नकोस."

भाच्यानं पाण्याचा ग्लास पुढे केला. मामांनी तो एका घोटात संपवला, बाहेर जाऊन हॉस्पिटलच्या ड्रायव्हरचे स्वतः पाय धरल्यासारखे हात धरले आणि संध्याकाळपर्यंतची मुदत मिळवली. उस्ताद आणि नवा कामाला भिडले. काकांना चादरींच्या घड्या घालायला बसवलं. गाडी उशिरा का होईना, भरून गेली.

दुसऱ्या दिवसापासून मामा जेवायला घरी जायचे ते परत यायचे नाहीत. बाकावर दोन फिटर निवांत बसू लागले. भाच्यानं सुटकेचा श्वास सोडला, तोच मामींचा फोन आला.

"अरे, तुझे मामा घरी असतात हल्ली."

"हो मामी, विश्रांती हवीच ना त्यांना."

"कसली विश्रांती? आल्यापासून मिक्सर उघडलाय, पंखा उघडलाय, इस्त्री उघडलीय. झाकण एकाचं म्हणून लागत नाही. आधी कुणालातरी पाठव."

उस्ताद आणि नवा यांना हलवणं शास्त्रात बसत नव्हतं. भाच्यानं घड्या घालणाऱ्या काकांकडे पाहिलं आणि दोन्ही प्रश्न एकदम सुटल्यासारखे वाटून त्यांची मामांच्या घरी रवानगी केली.

आठवडाभर मामींचा फोन नाही. भाच्याला राहवेना, त्यानंच केला.

"काय मामी, काका कामाचे आहेत ना?"

"आहेत की. तुझ्या मामांशी अगदी गट्टी जमलीय. आपल्याकडचं सगळं उघडून झालं. आज सकाळपासून दोघं शेजारी गेलेत, पाने घेऊन."

"शेजाऱ्यांचं काय बिघडलंय?"

पलीकडून कुठूनतरी ठोकल्याचा आवाज येत होता.

"अजून तरी काही नाही," त्या म्हणाल्या.