शब्दसमानता समितीचा पहिला निकाल

पाण्याला वाट आणि माणसाला विशेषण वेळेवर दिलं नाही, तर दोघंही भलतीकडे जातात. फ्रीसलंड प्रांतातल्या आमच्या जलमंडळात (सखल जमिनीतलं पाणी पंपाने उपसणारं हे खातं) दोन्हींची व्यवस्था चोख आहे.

तरी गेल्या वर्षी कुरबूर झालीच. वादळात पंप तुंबला, तेव्हा पंपावरची फेन्ना आणि तिचा सहकारी हार्मेन दोघांनीही एकाच पट्टीत आरोळी ठोकली, "पंप बंद करा, आधी बाहेर व्हा!" वार्षिक कामगिरी अहवालात हार्मेन ‘ठाम’ ठरला आणि फेन्ना ‘समजूतदार, मात्र आवाज चढतो’. पंपघराला ठाम माणूस हवा होता. हार्मेन हंगामी प्रमुख झाला.

मग शब्दसमानता समिती बसली. मी तिचा सचिव. जुन्या अहवालांत ‘हसतमुख’ एकसष्ट बायका सापडल्या आणि एक पुरुष (त्याने नवी कवळी बसवली होती). ‘महत्त्वाकांक्षी’ हा शब्द पुरुषांच्या कागदावर शिफारस होता, बायकांच्या कागदावर इशारा. सहा बैठका आणि माणशी एकेक बिस्किट संपल्यावर आम्ही क्रांतिकारक ठराव केला: यंदा शब्दांची अदलाबदल. फेन्ना ‘ठाम’, हार्मेन ‘समजूतदार’. मला तर भरून आलं.

त्याच महिन्यात प्रमुखाचं कायमचं पद निघालं. फेन्नाने अर्ज केला. एकोणीस वर्षं ती पंपावर आहे. नुसत्या आवाजावरून कुठलं चाक झिजलंय ते सांगते. पण मंडळाने काळाची पावलं ओळखली. ठाम माणसं पैशाला पासरी, समजूतदार पुरुष मात्र दुर्मीळ! पद हार्मेनला गेलं. फेन्नाला दोन दिवसांचं प्रशिक्षण मिळालं, विषय ‘ठामपणा आवरावा कसा’ (जेवणासह).

निकाल सांगायला तिला बोलावलं. तिने कॉफीचा कप खाली ठेवला. आवाज अगदी हळू.

"मी समजूतदार होते तेव्हा तुम्हाला ठाम माणूस हवा होता. आता मी ठाम आहे, तर समजूतदार हवा. एवढंच सांगा, पुढच्या वर्षी मी काय होऊ?"

हार्मेन हळूच म्हणाला, "अगं, मनाला लावून घेऊ नकोस."

ती उठून गेली. दारसुद्धा आपटलं नाही.

आता असा प्रश्न विचारणाऱ्या बाईच्या अहवालात पुढच्या वर्षी काय लिहायचं? समितीला फार शोधावं लागलं नाही. वाचकहो, तुमच्या मनात आत्ता जो शब्द आला ना, तोच एकमताने मंजूर झाला.