मेपल रस्त्याच्या मधोमध

ऑर्विल स्कोगनने रविवारी चर्चच्या तळघरात, कॉफी पिता पिता सगळ्यांसमोर जाहीर करून टाकलं, "शाळा मंडळाच्या निवडणुकीला मी उभा राहतोय आणि निवडून येतोय." मिनेसोटातल्या एल्डर क्रीक गावात असं बोलणं म्हणजे जवळजवळ शिवी देणंच. तिथली माणसं लॉटरी लागली तरी "ठीक आहे म्हणायचं" यापलीकडे जात नाहीत. कुणीतरी लिंबाच्या वड्यांचं ताट त्याच्यापुढे सरकवलं.

पण ऑर्विलपुढे इलाज नव्हता. गावात प्राथमिक शाळा दोन. एक टेकडीवरची जुनी, विटांची. दुसरी हायवेजवळची नवी. जुनीत मुलं मावेनात, नवीत वर्ग रिकामे. म्हणून मंडळाने कुठल्या घरातलं मूल कुठल्या शाळेत जाणार याची हद्द नव्याने आखायला घेतली होती, आणि त्या आखणीत ऑर्विल राहायचा तो सगळा मेपल रस्ता नव्या शाळेकडे चालला होता. मंडळातले तिघे या बाजूला, तिघे त्या बाजूला, आणि सातवी जागा रिकामी. ती ज्याची, हद्द त्याची.

ऑर्विलची नात सिग्ने त्याच्याच घरात वाढत होती आणि पुढच्या सप्टेंबरात शाळेत जाणार होती. त्याचे वडील टेकडीवर शिकले, तो शिकला, त्याचा मुलगा शिकला. सिग्नेचं बोट धरून ती टेकडी चढायची, एवढी एकच हौस त्याने म्हातारपणासाठी राखून ठेवली होती.

त्याच्याविरुद्ध उभी राहिली समोरच्या घरातली ग्लेंडा रूस्ट. तिच्या घरात राहणारे जुळे नातूही त्याच वर्षी शाळेत जायचे होते, आणि तिला ते नव्या शाळेत हवे होते.

"टेकडीवर मुलं वर्गाबाहेरच्या बोळात बसून जेवतात, ऑर्विल. बुटांच्या शेजारी," ती म्हणाली.

"आपणही तिथेच बसून जेवायचो."

"म्हणून तर तुला अजून सॉस आणि चिखल यातला फरक कळत नाही."

ऑर्विल घरोघर प्रचाराला निघाला. संध्याकाळी परतायचा तेव्हा हातात कुणी दिलेला पाव असायचा, नाहीतर भोपळा.

"मत मागितलंस का?" त्याची बायको डोरीन विचारायची.

"मागायचं काय त्यात? मी उभा आहे हे त्यांना माहीत आहे."

"मग तासभर बोललास काय?"

"यंदा तळं लवकर गोठणार, असं एकंदर मत पडलं."

अंगणाअंगणात पाट्या लागल्या. पण शेजाऱ्याला नाही कसं म्हणायचं? म्हणून प्रत्येक अंगणात दोघांच्याही. ग्लेंडाची पाटी ऑर्विलच्या अंगणात त्याने स्वतः ठोकली होती, कारण तिच्या हाताला हातोडी पेलत नव्हती.

मग जुन्या शाळेच्या व्यायामशाळेत जाहीर वादसभा झाली. सभा चालवायला बाहेरगावचा एक वकील आणला होता. त्याने विचारलं, "श्री. स्कोगन, लोकांनी तुम्हालाच मत का द्यावं?"

"द्यायलाच हवं असं काही नाही," ऑर्विल म्हणाला. "ग्लेंडाही चांगलीच आहे."

"ऑर्विलला माझ्यापेक्षा जास्त लोक ओळखतात," ग्लेंडाने लगेच परतफेड केली.

वकिलाने कपाळाला हात लावला. शेवटी ऑर्विलला राहवेना. तो हद्दीबिद्दीचं सोडून आपल्या लहानपणच्या शाळेबद्दल बोलत सुटला. थंडीत खोली तापवणाऱ्या गरम नळ्यांवर सगळ्या वर्गाचे ओले लोकरी हातमोजे वाळत घातलेले असायचे आणि दुपारपर्यंत वर्गाला ओल्या मेंढरांचा वास यायचा. ऑसेनबाई सुटीच्या वेळी एकेकाचा मफलर मागून अशी गाठ मारून बांधायच्या की ती घरी आईलाही सुटायची नाही. तो वास त्याला अजून कधीकधी झोपेत येतो, आणि आला की जाग येऊ नये असं वाटतं.

"माझी गाठ तर कात्रीने कापावी लागली होती," ग्लेंडा म्हणाली आणि डोळे पुसू लागली. दोघं एकाच वर्गात होती.

त्या रात्री अख्खं गाव ऑर्विलच्या बाजूला झुकलं होतं. निदान डोरीनला तसं वाटलं.

मतदानाच्या दिवशी ऑर्विल पडद्याआड गेला. कागदावर त्याचं नाव होतं. त्यापुढे खूण करायला पेन टेकवलं आणि त्याचा हात अडला. स्वतःच स्वतःला मत द्यायचं? ताटातली शेवटची वडी आपणच उचलण्यासारखं झालं ते. त्याला आईचा चेहरा दिसला. एका मताने काय बिघडतं, असं म्हणून त्याने ग्लेंडाच्या नावापुढे खूण केली. बाहेर आला तेव्हा त्याला आपण फार सभ्य माणूस आहोत असं वाटत होतं.

ग्लेंडा एका मताने निवडून आली.

दुसऱ्या दिवशी ती खिमा-बटाट्याचा भाजलेला थाळा घेऊन रडवेल्या चेहऱ्याने दारात उभी राहिली. "मी तर तुलाच मत दिलं होतं, ऑर्विल. स्वतःला कसं देणार?"

ऑर्विल बुटांकडे पाहत म्हणाला, "मीही तुलाच दिलं."

डोरीनने थाळा तिच्या हातातून घेऊन टेबलावर ठेवला. "मीसुद्धा ग्लेंडालाच दिलं," ती हळूच म्हणाली. "म्हटलं, ऑर्विल स्वतःला देईलच. एका घरातून दोन मतं म्हणजे हावरटपणा दिसतो."

कुणी कुणावर चिडायचं हेच कळेना. मग तिघांनी जेवून घेतलं.

अपराधी वाटून ग्लेंडाने मंडळाच्या पहिल्याच बैठकीत सांगितलं, "अर्धं गाव ऑर्विलच्या बाजूचं आहे, तर अर्धा रस्ता त्याला द्या." सगळ्यांना ते फार पटलं. हद्द मेपल रस्त्याच्या बरोबर मधून काढली. तळ्याकडची घरं जुन्या शाळेत, पलीकडची नव्या. कुठली बाजू कुणाची हे पाहण्याचं मात्र आनंदाच्या भरात राहूनच गेलं. तळ्याकडे घर होतं ग्लेंडाचं.

सप्टेंबर आला. सिग्ने पिवळ्या बसमध्ये चढली. नव्या शाळेत घसरगुंडी आहे म्हणून तिने मागे वळूनही पाहिलं नाही. ऑर्विल बस वळणापलीकडे जाईपर्यंत हात हलवत राहिला. मग तो समोर गेला. ग्लेंडाला मंडळाच्या कामांतून सवड नव्हती आणि गुडघ्यांनी चढण झेपत नव्हती. एका हाताला एक जुळा, दुसऱ्या हाताला दुसरा, असा ऑर्विल टेकडी चढला. वर पोचला तेव्हा त्याने जुन्या भिंतींकडे डोळे भरून पाहिलं.

दारातल्या तरुण शिक्षिकेने विचारलं, "नातू का तुमचे?"

"नाही. निवडून आलेल्या बाईंचे."

"अच्छा, तुम्हीच ते स्कोगन," ती हसली. ती गोष्ट गावभर झाली होती. "मग पुढच्या खेपेला तरी स्वतःला मत द्याल ना?"

ऑर्विलचे कान लाल झाले. त्याने आधी इकडेतिकडे पाहिलं.

"छे हो," तो म्हणाला. "लोक काय म्हणतील?"